आतेचे अकरा सेकंद

पुण्यात माझ्या टेबलावर एक लाकडी पोपट आहे. खाली चार चाकं, पुढे ओढायला लाल दोरी. ऑफिसात येणारा-जाणारा प्रत्येक जण तो उचलतो आणि विचारतो, हा बघतोय तरी कुठे? कारण त्याचा एक डोळा सरळ समोर बघतो आणि दुसऱ्याचं बुबुळ किंचित वर सरकलेलं आहे. सगळे हसतात. मीही हसते, कारण न हसून सांगणार काय? माझ्या आतेच्या हातून असे डोळे सुटले ते एकाच दिवशी, आणि त्या दिवशी तिच्या डोक्याशी घड्याळ घेऊन मी उभी होते.

आते म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, तशी ती परत आमच्या घरी आली ती कायमची. आमचं गाव सावंतवाडीपासून एसटीने पाऊण तासावर. आते रोज सकाळच्या गाडीने सावंतवाडीला जायची आणि लाकडी खेळण्यांच्या एका कारखान्यात पोपटांचे डोळे काढायची. डोळ्याचा पांढरा ठिपका आधी दुसरी बाई लावायची. तो वाळला की त्यावर काळं बुबुळ काढायचं काम आतेचं. सत्तावीस वर्षं. मी शाळेत असताना तिच्या उजव्या तर्जनीच्या टोकाला कायम काळा रंग असायचा आणि मला वाटायचं, तिचं बोट जन्मापासूनच तसं आहे.

आता माझं काम. मी कारखान्यांची सिम्युलेशन्स करते. म्हणजे कुणाला यंत्रमानवाचा हात घ्यायचाय, माल आपोआप ठेवणारं-काढणारं कपाट घ्यायचंय, तर ते विकत घेण्याआधी अख्खा कारखाना मी कॉम्प्युटरवर उभा करते आणि चालवून बघते. वर्षभराचं काम तिथे चार मिनिटांत होतं. कुठे माल तुंबतो, कुठलं यंत्र नुसतं उभं राहतं, कशावर पैसे घालवायची गरजच नाही, हे सगळं आधीच कळतं. आई गावात सांगायची, आमचं चेडू कॉम्प्युटरवर कारखाने बांधतं. त्यावर आतेने एकदा विचारलं होतं, "मगे त्या कारखान्यात बनता काय?" काहीच बनत नाही म्हटल्यावर तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि जेवायला वाढलं.

दोन वर्षांपूर्वी आतेच्या कारखान्याच्या मालकांना बंगळूरच्या एका दुकानाची मोठी ऑर्डर लागली. दर महिन्याला इतके पोपट की हाताने पुरे पडायचे नाहीत. मालक हुशार माणूस, आणि हौशीही. त्यांनी कुठल्याशा प्रदर्शनात यंत्रमानवाचा हात पाहिला होता. पोपटाच्या पोटातल्या दोन दांड्यांवर चार चाकं दाबून बसवायची, एवढंच काम त्या हाताला द्यायचं होतं. शिवाय रंगवलेल्या पोपटांचे ट्रे वाळायला ठेवण्यासाठी एक उंच कपाट घ्यायचं होतं, ज्यात ट्रे सरकवला की तो स्वतःच वर जाऊन बसतो आणि वाळला की स्वतःच खाली येतो. एवढा खर्च करण्याआधी कुणाला तरी विचारावं असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी आतेला विचारलं, तुमची भाची हेच करते ना?

आतेने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज चढलेला होता. ती म्हणाली, मालकांनी तुझं नाव काढलं. चार बायकांसमोर काढलं, हेही तिने दोनदा सांगितलं. मी माझ्या साहेबांच्या मागे लागून ते काम मिळवलं. लहान काम होतं, ऑफिसात कुणाला त्याचं काही नव्हतं, पण अहवालावर पहिल्यांदाच माझं एकटीचं नाव येणार होतं. मी हवेत होते. सावंतवाडीत यंत्रमानवाचा हात, आणि तो आणणारी मी!

सिम्युलेशनला खाणं लागतं ते आकड्यांचं. कुठल्या कामाला किती वेळ लागतो हे प्रत्यक्ष मोजावं लागतं. आणि ते कसं मोजायचं हे मला नीट शिकवलेलं आहे, म्हणून तर लाज वाटते. एका दिवसात मोजायचं नाही. सकाळचं मोजायचं, दुपारचं मोजायचं, जेवणानंतरचं मोजायचं. माणूस दमतो, पाणी प्यायला उठतो, शेजारणीशी बोलतो, त्याची भर घालायची. मी कुडाळला गाडीतून उतरले ते तीन दिवसांची रजा काढून, आणि त्यातले दोन दिवस आईने आधीच नात्यातल्या एका लग्नघरी वाटून टाकले होते. माझ्याकडे एक सकाळ उरली.

आमच्या घरात माझी परीक्षा म्हणजे सगळ्यांची परीक्षा असायची. दहावीला मी अभ्यासाला बसले की काका खोकायलासुद्धा अंगणात जायचे. आते देवळात जाऊन देवाला गाऱ्हाणं, म्हणजे मागणं, घालून यायची आणि रस्त्यात भेटेल त्याला सांगायची, आज आमच्या चेडवाचो पेपर आसा. मला हे माहीत होतं. म्हणजे मला आधीच कळायला हवं होतं की घड्याळ घेऊन मी कारखान्यात उभी राहणार म्हटल्यावर माझी आते काय करील.

तिने तेच केलं. आदल्या दिवशी सगळ्याजणींना सांगून ठेवलं की उद्या आमच्या चेडवाची परीक्षा आहे, कुणी मान वर करायची नाही. सकाळी देवळात गुरवाला उभं करून रीतसर गाऱ्हाणं घातलं. आणि मी घड्याळ हातात घेतल्यावर त्या सातजणी, ज्या एरवी हात आणि तोंड एकाच वेगाने चालवतात, अशा चिडीचूप झाल्या की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. चहा आला तो तसाच राहिला. त्यावर साय धरली. मी दोन तास उभी होते, त्या दोन तासांत एकही बाई उठली नाही.

आते पाचव्या पाटावर बसली होती. तिची डोळे काढायची पद्धत मी लहानपणापासून पाहिलेली. पोपट डाव्या हातात धरायचा, एक बुबुळ टेकवायचं, फिरवायचा, दुसरं टेकवायचं, आणि मग तो आपल्याकडे तोंड करून समोर धरायचा. एक क्षण त्याच्याकडे बघायचं. दोन्ही डोळे आपल्याकडे बघतायत ना, हे बघायचं. मगच तो ट्रेमध्ये. त्या सकाळी तिने एकही पोपट समोर धरला नाही. बुबुळ, फिरव, बुबुळ, ट्रे. बुबुळ, फिरव, बुबुळ, ट्रे. सरासरी आली अकरा सेकंद. निघताना मालकांनी त्याच ट्रेमधला एक पोपट, वाळल्यावर चाकं-दोरी लावून, मला भेट दिला, तोच हा, वरती बघणारा.

पुण्याला परत आल्यावर मी ते आकडे घातले आणि सगळं सुरेख चाललं. ट्रे कपाटात जातायत, वाळून खाली येतायत, हात चाकं बसवतोय, कुठे अडत नाही. मग सवयीने मी एकदा अकराच्या जागी अठरा घालून पाहिले. पोपट समोर धरून बघायचे धरून, चहाचे धरून, बोलण्याचे धरून. तर तो हात दिवसाचा तिसरा हिस्सा नुसता उभा राहायला लागला. म्हणजे उत्तर साधं होतं: हात नको. चाकं बसवायला एक साधं दांड्याचं हातयंत्र पुरे, आणि कपाट निम्म्या उंचीचं घ्या. मालकांचा बराचसा खर्च वाचला असता. माझ्या कामाचा अर्थच तो आहे, खर्च वाचवणं.

पण मग सावंतवाडीत यंत्रमानवाचा हात आला नसता. अहवालात लिहायला उरलं असतं एक हातयंत्र आणि एक बुटकं कपाट, आणि त्यासाठी पुण्याहून कुणाला बोलवायची काय गरज होती? मी अठरा पुसले आणि परत अकरा घातले. स्वतःची समजूत काढली की मोजलेत ते अकराच, मी काही मनाचं घातलेलं नाही. आणि दमणुकीची भर म्हणून जो आकडा घालायचा असतो, तिथे चालेल त्यातला सगळ्यात लहान घातला. कुणी बघितलं नाही. साहेबांनी अहवाल चाळला आणि म्हणाले, छान झालंय.

कारखान्यात ते सगळ्यांना दाखवायला मी लॅपटॉप घेऊन गेले. पडद्यावर कपाट, हात आणि रांगेने सात निळ्या बाहुल्या, खुर्चीवर बसलेल्या. बायका आपापली बाहुली शोधायला लागल्या. आतेने विचारलं, यातली मी खंयची? मी पाचवी दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "माका खुर्ची दिलंस ता बरा केलंस." सगळ्या हसल्या, कारण इतकी वर्षं त्या पाटावर बसत होत्या. मालकही हसले आणि खुर्च्या घ्यायचं त्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं. मला केवढं कौतुक वाटलं स्वतःचं.

हात आला. त्याला हळदकुंकू लागलं, जास्वंद वाहिली, नारळ फुटला. मालकांनी बोलायला सांगितलं तेव्हा मी बायकांना यंत्राचा नारिंगी दिवा समजावून दिला. हाताकडे पोपट पोचले नाहीत की तो दिवा लागतो आणि पीं असा आवाज होतो. आमच्या कामात अशा यंत्राला उपाशी यंत्र म्हणतात. मी मोठ्या झोकात तेच सांगून टाकलं, हा दिवा लागला की समजायचं यंत्र उपाशी आहे. दारात आलेल्या पोस्टमनलाही काही खाल्ल्याशिवाय न सोडणाऱ्या बायकांना मी हे सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या.

पुढचे सात-आठ महिने मी दर रविवारी फोनवर विचारायची, यंत्र कसं चाललंय? आते म्हणायची, "बरा चलता." एकदाही दिवा लागत नाही असं तिने एकदा सांगितलं. अभिमानाने सांगितलं आणि मी अभिमानाने ऐकलं. सोमवारी ऑफिसात ते चारचौघांत सांगितलं सुद्धा.

मग मामेबहिणीच्या लग्नाला मी घरी गेले. दुपारी पोचले तर आते घरी होती, कामाचा दिवस असून. ती म्हणाली, हल्ली अर्धा दिवसच जाते, झाडलोट करते, लाकडाचा भुसा भरते. डोळे काढत नाही. का, तर नजर गेली गो माझी. आईनेही तेच सांगितलं, म्हातारपण आलं आता. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, उद्याच डॉक्टरकडे जाऊ, चष्मा करू. ती नको म्हणाली, आणि जरा जास्तच घाईने म्हणाली.

संध्याकाळी माझ्या ब्लाउजचा हूक निघाला म्हणून मी सुई-दोरा घेऊन बसले. मला काही तो ओवता येईना. आतेने माझ्या हातातून सुई ओढून घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि दिवा न लावता पडवीच्या उजेडात एका फटक्यात ओवून दिला. पण डाव्या हाताने. मी तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. तर्जनी वाकली होती आणि वाकलेलीच राहिली होती. तिने मांडीआड डाव्या हाताने ती धरून सरळ केली, तेव्हा कट्ट असा आवाज झाला. चहा घेतला तोही डाव्या हाताने. 

लग्न झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात गेले. मालक खुशीत होते. आतेविषयी विचारलं तर म्हणाले, त्यांनी स्वतःच सांगितलं नजर कमी झाली म्हणून, आम्ही कोण जा म्हणणार? पाचव्या खुर्चीवर एक तरुण बाई होती, तिने मनगटाला फडकं बांधलं होतं. मी मालकांकडून त्या कपाटाची नोंद मागून घेतली. ते कपाट प्रत्येक ट्रे कुठल्या खुर्चीचा, आत कधी आला, बाहेर कधी गेला, हे आपोआप लिहून ठेवतं. कुणी सांगितलेलं नसतं, कुणी बघतही नाही. आठ महिन्यांचं सगळं तिथे होतं.

कारखाना नऊला उघडतो, पण एक किल्ली बायकांकडे असते. पहिले तीन आठवडे पाचव्या खुर्चीचे ट्रे नऊनंतर यायचे आणि दुपारी तीनच्या पुढे मागे पडायचे. दिवा लागत होता तेव्हा. मग पुढच्या आठवड्यापासून सकाळी साडेसातला ट्रे आत गेलेले दिसायला लागले. पावणेआठला आणखी एक. मग रोज. मी ते पान वर-खाली करत बसले. साडेसातला ट्रे भरून व्हायचा तर आमच्या गावातून पहिली एसटी पकडायला हवी, म्हणजे काळोखात घराबाहेर पडायला हवं. पुढे इतर जणींचेही ट्रे लवकर यायला लागलेले, आळीपाळीने. दुपारी आपले हात मागे पडणार हे धरून त्या सकाळी आधीच पोपट काढून कपाटात भरून ठेवत होत्या. जी भर मी माझ्या गणितात घातली नव्हती, ती त्यांनी पहाटे उठून घातली होती. पाचव्या खुर्चीचे ट्रे असे पाच महिने लवकर आले. मग हळूहळू कमी झाले आणि एका सोमवारी पाचव्या खुर्चीवरचा हात बदलला, हे वेळांवरूनच कळत होतं.

शिव्या घालायच्या तर कुणाला? मी शहाणी, शिकलेली, सगळं आधी कळण्याचं यंत्र जिच्या हातात, ती मी. मालकांच्या खोलीत मला रडू आलं आणि मी डोळ्यात भुसा गेला म्हणून सांगितलं.

त्या संध्याकाळी आते पडवीत आबोलीचा वळेसर, केसात माळायचा गजरा, करत बसली होती. फुलं ती डाव्या हाताने लावत होती आणि उजव्याने नुसती धरत होती. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं की कपाटात सगळ्या वेळा लिहिलेल्या असतात, मी बघून आले. ती थांबली. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला. माझा व्हायला हवा होता, तर तिचा झाला. मग तिने खाली बघत सांगितलं.

"तुझा उत्तर चुकूक नको म्हणान सकाळी येऊन थोडे काढून ठेवत होतंय. मगे बोटच सरळ होणा नाय. म्हटलंय, नजर गेली म्हणान सांगूया. नजर गेल्यार कोणाक दोष नाय." आणि एक फूल लावत म्हणाली, माझ्यामुळे तुझं यंत्र उपाशी राहत होतं गो, लाज वाटायची मला.

तिला लाज वाटायची! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. ती माझी माफी मागत होती. तेव्हा तरी मी सांगितलं. म्हटलं, आते, आकडा तुझा चुकला नाही, माझा चुकला. आणि तो चुकतोय हे मला तेव्हाच माहीत होतं. तू एकही पोपट समोर धरून बघितला नाहीस हे मी बघितलं होतं. अठरा घालून पाहिले होते, पुसून परत अकरा घातले.

तिला सिम्युलेशन कळत नाही, पण हे कळायला सिम्युलेशन लागत नव्हतं. तिने वळेसर मांडीवर ठेवला. माझ्याकडे पाहिलं, अगदी पोपटाकडे बघायची तशी, दोन्ही डोळे सरळ आहेत ना असं. आणि एवढंच विचारलं, "मगे कित्याक?"

मी तोंड उघडलं. मला तो हात हवा होता, असं म्हणायचं होतं. पाचच शब्द होते. माझ्याच्याने ते म्हणवले नाहीत. मी म्हटलं, मला वाटलं की... आणि तिथेच राहिले. आते उठून भात लावायला आत गेली. जेवताना तिने मला मासे वाढले, नेहमीसारखेच, मोठा तुकडा मला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबरच सकाळच्या गाडीने कारखान्यात गेले. ठरवून गेले होते की मालकांना सगळं खरं सांगायचं. मालक बाहेरच उभे होते, बायका जागेवर बसत होत्या, आते कोपऱ्यात झाडू घेऊन होती. मी सुरुवात केली. म्हटलं, हाताचा वेग कमी करावा लागेल. तो करता येतो, त्याच्या पडद्यावर एक आकडा बदलायचा असतो, दहा मिनिटांचं काम. लोकांवर ताण येतोय. महिन्याचे पोपट थोडे कमी होतील, दुकानाला तसं कळवावं लागेल. मालकांनी विचारलं, पण मग आधी कसं बरोबर आलं होतं? आणि मी म्हणाले, आधी परिस्थिती वेगळी होती. प्रत्यक्ष चालू झाल्यावर काही गोष्टी लक्षात येतात.

कसं आलं तोंडात, मला माहीत नाही. शुद्ध, ऑफिसातल्या मराठीत आलं. कुणाला दोष नाही, कुणाचं नाव नाही. मालकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. म्हणाले, एवढं स्वतःहून येऊन सांगणारी माणसं हल्ली राहिली नाहीत. आणि त्यांनी वळून सगळ्यांना ते परत ऐकवलं, बघा, असा प्रामाणिकपणा हवा. झाडूचा आवाज थांबला होता. मी कोपऱ्याकडे पाहिलं नाही.

मालक म्हणाले, मग आता परत मोजा, आणि तीन दिवस मोजा, घाई नको. मी म्हटलं, पाचव्या खुर्चीवर आतेला बसवा, तिची नजर चांगली आहे, ती जागा तिची आहे. त्या तरुण बाईने आनंदाने जागा सोडली, मनगट चोळत ती बाजूला उभी राहिली. मी सगळ्यांना सांगितलं की आज कुणी घाई करायची नाही, चहा प्यायचा, बोलायचं, रोजच्यासारखं. त्या माझ्याकडे बघत होत्या. 

आते येऊन खुर्चीवर बसली. पदर खोचला. काळ्या रंगाची वाटी जवळ ओढली. डाव्या हाताने उजवी तर्जनी धरून सरळ केली, आणि सरळ झाल्यावर तीत कुंचला धरला. पहिला पोपट उचलला. मी घड्याळाचं बटण दाबलं. आतेने कुंचला रंगात बुडवला, पण पोपटाला लावला नाही. तिने मान वर केली. रागाने नाही, टोचून नाही. भाकरी किती टाकू असं विचारतात तसं तिने विचारलं.

"किती होया तुका, ता आधी सांग. तितक्यात काढतंय."

घड्याळ माझ्या हातात चालू होतं.